प्रोपेनचा भाव विचारण्याआधी टाकी कोणाची ते विचारा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाला आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही दोघं न्यू जर्सीत राहता. दीड वर्षापूर्वी पेनसिल्व्हेनियात, पोकोनोजच्या डोंगरात सुटीचं घर घेतलंत. तिथे पाइपचा गॅस नाही. परसात ५०० गॅलनची प्रोपेनची टाकी आहे आणि तिच्यावर घर तापवणारी फर्नेस, गरम पाणी आणि शेगडी चालते. वर्षाला साधारण ७५० गॅलन लागतात. घर घेतलं तेव्हा कंपनीने गॅलनला २.१९ डॉलर भाव लावला होता. या जानेवारीत टाकी २० टक्क्यांवर असताना ट्रक आला, ८० टक्क्यांपर्यंत भरून गेला आणि दाराच्या मुठीला चिठ्ठी अडकवून गेला: ३१८ गॅलन, दर ४.३९, हॅझमॅट (म्हणजे धोकादायक माल नेण्याची) फी १३.९९, इंधन अधिभार ९.९९, एकूण १,४२० डॉलर. शेजारी म्हणतो त्याला २.६९ ने मिळतो. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. आपल्याला फसवलं का? २० ते ८० म्हणजे ३०० गॅलन व्हायला हवेत, मग ३१८ कसे? आणि रास्त भाव कोणता, तो मिळवायचा कसा?

मी पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या एका प्रोपेन कंपनीत १७ वर्षं काढली. पहिली सहा डिस्पॅचला, म्हणजे कोणता ट्रक कुठे पाठवायचा ते ठरवायला बसायचे, नंतर ग्राहकांचे भाव लावायच्या टेबलावर. म्हणजे तुमचा हा ४.३९ माझ्यासारख्याच कोणीतरी टाइप केलेला आहे. आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

मधला प्रश्न आधी उरकते, कारण त्यात कोणी लबाडी केलेली नाही. प्रोपेन थंडीत आकसतो आणि उन्हाळ्यात फुगतो, आणि पाण्याच्या मानाने फारच जास्त. दहा अंश फॅरनहाइटला साधारण दीड टक्क्याहून थोडा अधिक. म्हणून ट्रकवरचं मीटर जेवढं आकारमान सोडतं ते ६० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साडेपंधरा सेल्सिअसला किती भरलं असतं, त्या हिशेबात बदलून चिठ्ठीवर छापतं. तुमच्याकडे ट्रक आला त्या दिवशी हवा २० फॅरनहाइटच्या आसपास असणार. ४० अंशांचा फरक, म्हणजे सहा टक्क्यांच्या वर. ३०० चे ३१८ तिथे होतात. तुम्हाला तेवढाच जास्त गॅस मिळाला आहे, फक्त तो थंडीने अंग चोरून बसलाय. जुलैत भराल तेव्हा हाच हिशेब उलटा होईल आणि काट्यावर ३०० दिसले तरी चिठ्ठीवर २९० च्या आत आकडा येईल. टाकीवरचा काटा तरंगत्या गोळ्यावर चालतो, त्यात दोनचार टक्के इकडेतिकडे होतातच. काटा ८० वर थांबवतात तो गॅसला फुगायला जागा हवी म्हणून. जानेवारीत या १८ गॅलनवरून आमच्या ऑफिसात जेवढी भांडणं झाली तेवढी भावावरून झाली नाहीत, याचं मला कायम आश्चर्य वाटायचं. १८ गॅलनसाठी लोक तावातावाने बोलायचे आणि गॅलनमागे दीड डॉलर जास्त जातोय ते मुकाट भरायचे.

आता भाव. आपली एक अडचण इथे मुळातच असते. आपण ज्या घरात वाढलो तिथे गॅस म्हणजे १४.२ किलोचं लाल सिलिंडर. त्याचा भाव वर्तमानपत्रात छापून येतो, एका शहरात सगळ्यांना एकच असतो, आणि घासाघीस झालीच तर ती वर आणून देणाऱ्याला दहा द्यायचे की वीस यावर. त्यामुळे गॅसचं बिल आलं की भरायचं हे हाडीमासी मुरलेलं असतं. भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी हुज्जत घालणारी माझी आई इथे आली तेव्हा प्रोपेनचं बिल बघून म्हणाली, ‘सरकारने वाढवला असेल.’ इथे सरकार कुठेच नाही. पाइपने येणाऱ्या नैसर्गिक गॅसचा दर राज्याचा आयोग मंजूर करतो. परसातल्या टाकीत येणारा प्रोपेन मात्र मोकळ्या बाजारातली वस्तू आहे, त्याला छापील किंमत नाही आणि कंपनी कोणाला किती लावते यावर कोणाचा लगामही नाही. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच ट्रकमधून सुटणाऱ्या गॅसला आमच्याकडे दहाबारा भाव असायचे.

म्हणजे फसवलं का? कायद्याच्या भाषेत बहुधा नाही. तुमचा करार काढून बघा. पहिल्या वर्षाचा भाव ठळक अक्षरांत असेल आणि पुढे बारीक टाइपात लिहिलेलं असेल की त्यानंतर ‘प्रचलित बाजारभाव’ लागू होईल. हा बाजार म्हणजे टेक्सासमधलं मॉन्ट बेल्व्ह्यू नव्हे, जिथे अमेरिकेतल्या प्रोपेनचा मुख्य घाऊक भाव ठरतो. हा बाजार म्हणजे कंपनीचं भाव लावायचं टेबल. कंपनी जो आकडा टाकेल तो प्रचलित.

आमच्याकडे तो आकडा कसा पडायचा ते सांगते. घाऊक भाव पायाला असायचा, त्यावर टर्मिनलपासूनची (म्हणजे जिथून आमचे ट्रक गॅस भरून आणायचे त्या ठिकाणापासूनची) वाहतूक, ड्रायव्हर, ट्रक, विमा. इथवर सगळे ग्राहक सारखे. पुढे पडद्यावर पहिला रकाना होता ‘टाकीची मालकी’. दुसरा, वर्षाचा वापर. तिसरा, घरात प्रोपेनवर काय काय चालतं. चौथा, शेवटचा भावबदल कधी झाला आणि त्यानंतर ग्राहकाने फोन केला का. हो, फोन केला का, हा रकाना होता. पहिल्या वर्षी स्वस्तात आणलेला ग्राहक दुसऱ्या वर्षी हळूहळू वर सरकवायचा, आणि तो ओरडला की थांबायचं, अशी पद्धत. कोणी बोललंच नाही तर पायऱ्या चढत राहायच्या. तुमचा भाव २.१९ वरून ४.३९ वर एका उडीत गेला नसणार. मधली दोनतीन बिलं काढून बघा, प्रत्येक वेळी पन्नास-सत्तर सेंट चढलेले दिसतील. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही तर कंपनी.

आता पहिल्या रकान्याकडे येते, कारण सगळी मेख तिथे आहे. टाकी कंपनीची असेल तर बऱ्याच राज्यांत मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणी तिच्यात गॅस भरणं कायद्यानेच मना आहे. नियमामागे सुरक्षिततेचं खरं कारण आहे: ज्याची टाकी, त्याने तिचे व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर सांभाळायचे. पण व्यवहारात त्याचा अर्थ असा की जानेवारीत तुम्ही दहा कंपन्यांना फोन केलात तरी एकही तुमच्या परसात पाइप सोडणार नाही. भाव लावणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तुमच्या शेजाऱ्याची टाकी बहुधा त्याची स्वतःची आहे. तो दर वेळी तीन ठिकाणी विचारतो आणि जो कमी सांगेल त्याला बोलावतो. तो तुमच्याइतकाच गॅस घेतो, तरी त्याचा भाव लावताना आमचा हात आखडायचा.

तुमची टाकी नक्की कोणाची ते आधी शोधा. टाकीवर कंपनीचं नाव रंगवलेलं आहे एवढ्यावर जाऊ नका, विकलेल्या टाक्यांवरही जुनं नाव तसंच राहतं. घराच्या खरेदीची कागदपत्रं बघा, बिलावर ‘टाकीभाडं’ किंवा ‘लीज’ अशी ओळ आहे का बघा, आणि टाकीवरच्या धातूच्या पाटीवरचा क्रमांक कंपनीला सांगून लेखी विचारा. मी अशी दोन घरं पाहिली आहेत जिथे टाकी मूळ मालकाने विकत घेतलेली होती, नवीन मालकाला त्याचा पत्ता नव्हता आणि तो वर्षानुवर्षं भाडं भरत होता.

टाकी कंपनीची निघाली तर दोन रस्ते आहेत. ती विकत मागा, किंवा दुसऱ्या कंपनीला आपली टाकी आणून बसवायला सांगा. जमिनीवरची ५०० गॅलनची नवी टाकी बसवण्यासह दोनतीन हजार डॉलरच्या घरात पडते असं धरा. जमिनीखालची बरीच महाग, आणि उकरून बदलायची म्हणजे आणखी खर्च, म्हणून पुरलेल्या टाकीचा ग्राहक कंपनीला सर्वांत प्रिय. तुमची वर आहे, हे तुमचं नशीब. हिशेब करा: स्वतःची टाकी असल्यामुळे गॅलनमागे ६० सेंट वाचले तर ७५० गॅलनचे वर्षाला ४५० डॉलर होतात. अडीच हजारांची टाकी साडेपाच वर्षांत फिटते, आणि चांगली निगा राखलेली टाकी तीस वर्षं सहज जाते. पण मालकी आली की रेग्युलेटर बदलण्यापासून रंग लावण्यापर्यंत सगळं तुमच्या गळ्यात. हे घर पाचसहा वर्षांत विकायचा विचार असेल तर मी टाकी घेणार नाही, नुसती कंपनी बदलेन.

ज्यांच्याकडे फक्त शेगडी आणि कपडे वाळवायचं यंत्र प्रोपेनवर आहे, वर्षाला शंभर-दीडशे गॅलन लागतात, त्यांनी शेजाऱ्याच्या भावाशी तुलना करून झोप उडवून घेऊ नये. ट्रक दारात येण्याचा खर्च ८० गॅलनला जेवढा तेवढाच ४०० ला. त्यांचा गॅलनचा भाव जास्त असणारच.

भाव विचारताना लोक गॅलनचा दर विचारतात आणि तिथेच फसतात. दोन कंपन्या समजा. पहिली म्हणते २.७९, वर काही नाही. दुसरी म्हणते २.४९, पण टाकीभाडं वर्षाला १२०, आणि प्रत्येक खेपेला हॅझमॅट १४ व इंधन अधिभार ९. वर्षाला ८०० गॅलन आणि चार खेपा असतील तर पहिलीचे २,२३२ डॉलर आणि दुसरीचे २,२०४ होतात, म्हणजे जवळपास सारखेच. पण घराला २०० गॅलनच लागत असतील आणि दोन खेपा होत असतील, तर पहिलीचे ५५८ आणि दुसरीचे ६६४. स्वस्त दिसणारी शंभर डॉलरने महाग. म्हणून वर्षभराचं सगळं देणं एकत्र करायचं आणि गॅलनने भागायचं. जो आकडा येईल तो तुमचा खरा भाव. तुमच्या त्या एका खेपेचा खरा भाव ४.३९ नव्हे, ४.४७ होता. हॅझमॅट फी हे नाव सरकारी वाटतं, पण ती कंपनीच्या खिशात जाते. तिचं काय करायचं ते कंपनी ठरवते, म्हणून ती माफही होऊ शकते. मी स्वतः कित्येकदा माफ केली आहे, कारण दर कमी करायला साहेबांची सही लागायची आणि फी काढायला लागायची नाही.

असे जादा खर्च ज्यांत लपलेले असतात ते आणखी चार शब्द ऐकून ठेवा. ‘किमान वापर शुल्क’: वर्षाला ठरलेल्यापेक्षा कमी गॅस घेतलात तर दंड. सुटीच्या घराला हे हमखास चावतं. ‘पंप-आउट’: करार संपवून टाकी न्यायची तर उरलेला गॅस उपसायचे पैसे. काही कंपन्या उपसलेल्या गॅसची पूर्ण किंमत परत देत नाहीत, म्हणून कंपनी बदलायची ती टाकी १५-२० टक्क्यांवर आल्यावर, भरल्या टाकीने नव्हे. तिसरा, कराराची मुदत आधी मोडल्याचा दंड. चौथा, आणीबाणीची खेप, म्हणजे रात्री किंवा रविवारी बोलावल्याचा जादा आकार.

रास्त भाव कोणता याचं उत्तर आकड्यात देता येत नाही, पण मापट्याने देता येतं. केंद्र सरकारची ऊर्जा आकडेवारी ठेवणारी संस्था, ईआयए, ऑक्टोबर ते मार्च दर आठवड्याला घरगुती प्रोपेनचा राज्यवार सरासरी भाव आणि शेजारी घाऊक भाव प्रसिद्ध करते. कर वगळून असतो आणि फुकट बघता येतो. तुमच्याइतक्या वापराला, सगळं घर प्रोपेनवर तापतंय, तर राज्याच्या सरासरीच्या आसपास किंवा थोडा खाली भाव मिळायला हवा, असं माझं मत. पण त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे दोन खेपांच्या आठवड्यांमधला फरक. तुमचा आधीच्या खेपेचा भाव आणि आत्ताचा भाव यांत किती वाढ झाली ते मांडा, आणि त्याच काळात घाऊक भाव किती वाढला ते बघा. घाऊक २० सेंट चढला आणि तुमचा दीड डॉलर, तर उरलेले १.३० बाजाराने वाढवलेले नाहीत. हा कागद हातात असलेल्या ग्राहकाशी बोलताना माझा आवाज आपोआप मऊ व्हायचा.

लोकांना वाटतं की गॅस पेनसिल्व्हेनियातच निघतो म्हणजे इथे स्वस्त असणार. निघतो खरा, मार्सेलस शेल नावाच्या जमिनीखालच्या खडकाच्या थरातून भरपूर. पण तो पाइपलाइनने फिलाडेल्फियाजवळच्या मार्कस हुक बंदरावर जातो आणि तिथून जहाजांत भरून परदेशी. तुमच्या डोंगराखालच्या गॅसलाही मग जगाच्या बाजारातली किंमत लागते. त्यातून टर्मिनल ते तुमचं दार हा शेवटचा टप्पा सर्वांत महाग, आणि तोच घासाघिशीचा टप्पा.

आता फोन कसा करायचा. तुमची टाकी नुकतीच भरली आहे, म्हणजे तुम्ही घाईत नाही. भाव बोलायची हीच वेळ. टाकी दहा टक्क्यांवर आणि बाहेर बर्फ पडत असताना फोन केला की अडला हरी होतो, आणि पुढे गाढवाचे पाय. आधी परिसरातल्या तीन कंपन्यांना फोन करा, त्यात एकदोन स्थानिक, घरच्या मालकीच्या हव्यात. ‘आजचा भाव काय?’ असं विचारू नका. असं विचारा: ५०० गॅलनची टाकी तुम्ही बसवणार, वर्षाला ७५० गॅलन, फर्नेस-गरम पाणी-शेगडी, माझ्या पत्त्यावर सगळे आकार धरून पहिल्या वर्षी किती, आणि दुसऱ्या वर्षी भाव कशावर ठरणार? दुसऱ्या प्रश्नाला जो अडखळेल त्याच्याकडे जाऊ नका, मग पहिल्या वर्षाचा आकडा कितीही गोड असो. उत्तर ईमेलवर मागा. तोंडी भाव हा भाव नव्हे.

मग आपल्या कंपनीला फोन. पहिला फोन जो उचलतो त्याला फारसे अधिकार नसतात. आमच्याकडे दहा सेंटपर्यंत त्याला कमी करता यायचे, त्यापुढे माझ्याकडे यायचं. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. म्हणा, ‘दीड वर्ष तुमच्याकडे आहे, एकही बिल थकलं नाही. दोन ठिकाणांहून सगळे आकार धरून एवढा लेखी भाव आलाय. तुमच्याकडेच राहायचं मनात आहे, पण या भावाने नाही. हे कोणाच्या हातात आहे?’ आणि गप्प बसा. हे गप्प बसणं आपल्या लोकांना जमत नाही, आपण लगेच ‘थोडं तरी कमी करा’ म्हणून स्वतःच अर्ध्यावर येतो. बिल भरलेलं असलं तरी जानेवारीच्या खेपेवरचा फरक मागा. आम्ही मागच्या खेपेचा फरक कित्येकांच्या खात्यावर जमा केला आहे, मागणाऱ्यांच्याच. तुमच्या बाबतीत ३१८ गॅलनवर एक डॉलर जरी सुटला तरी तीनशे अठरा डॉलर, एका फोनचे.

एक गोष्ट एकट्याने होत नाही. तुमचं घर घरमालकांच्या संघटनेच्या वसाहतीत आहे असं लिहिलंय. त्या वसाहतीतली आठदहा घरं एकत्र आली आणि म्हणाली की आम्ही एकाच दिवशी भरून घेऊ, तर कंपनीच्या दृष्टीने तो वेगळाच व्यवहार होतो. ट्रकमध्ये साधारण तीन हजार गॅलन असतात, आणि डोंगरात एका घरासाठी चाळीस मिनिटं जाऊन यायचं किंवा त्याच रस्त्यावर तो रिकामा करून यायचं, यात जमीन-अस्मानाचा फरक. अशी गटाची यादी टेबलावर आली की आम्ही भाव लावायला चहा सोडून बसायचो. मात्र ज्यांच्या टाक्या स्वतःच्या आहेत किंवा करार संपत आलाय त्यांचाच गट करा, बाकीच्यांचे हात बांधलेले असतात.

करारांचे प्रकार. उन्हाळ्यात पुढच्या हिवाळ्याचे गॅलन पैसे भरून राखून ठेवता येतात, त्याला प्री-बाय म्हणतात. ठरलेला भाव असतो. किंवा कॅप असते: थोडी फी द्यायची, भाव एका मर्यादेच्या वर जाणार नाही आणि बाजार उतरला तर खाली येईल. मी विकायची सगळंच, पण माझ्या स्वतःच्या घराला अंदाजाच्या दोन तृतीयांश गॅलन प्री-बायने घ्यायची आणि बाकी मोकळे ठेवायची. पूर्ण घेतले आणि हिवाळा सौम्य गेला तर उरलेल्या गॅलनचं काय, हे आधी कागदावर बघून घ्या. आगाऊ पैसे घेणारी कंपनी बुडली तर पैसेही बुडतात, म्हणून अनोळखी कंपनीकडे तर नकोच.

हे सगळं विम्यासारखं आहे, आणि विम्याची किंमत २०१४ च्या जानेवारीत कळली. आदल्या शरद ऋतूत मध्य-पश्चिमेत मका उशिरा आणि ओला आला, तो वाळवायला शेतकऱ्यांनी प्रोपेन प्रचंड वापरला. साठे खाली गेले आणि त्यावर कडाक्याची थंडी उतरली. देशातला सरासरी घरगुती भाव गॅलनला चार डॉलरच्या वर गेला. मी तेव्हा डिस्पॅच सोडून नुकती भावाच्या टेबलावर आले होते, पण त्या तीन आठवड्यांत सगळेच फोनवर होतो. आमचे ट्रक टर्मिनलवर तासन्‌तास रांगेत उभे, आणि इकडे कोणाला आधी पाठवायचं याची यादी. करार असलेले आणि नेमाने आपोआप भरून घेणारे वर, फक्त गरज पडली की फोन करणारे खाली. एक आजी रोज सकाळी सात वाजता फोन करून काटा किती आहे तेवढं सांगायच्या. १४. १२. ११. भांडायच्या नाहीत. त्यांच्याकडे नवव्या टक्क्याला ट्रक गेला. भाव त्यांना पूर्ण लागला, त्यांच्याकडे करार नव्हता.

त्यावरून तुमच्या घराचा एक खास मुद्दा. आपोआप भरण्याची पद्धत थंडीच्या दिवसांच्या हिशेबावर चालते. रोजचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटपेक्षा किती खाली गेलं त्याची बेरीज करायची आणि तुमचं घर दर गॅलनला अशा किती अंशांत चालतं त्याने भागायचं. रोज राहत्या घराला हे छान जमतं. तुम्ही दोन आठवडे ५५ वर ठेवून जाता आणि मग ख्रिसमसला बारा पाहुण्यांसह सगळं ७२ वर नेता, त्यात हा हिशेब कोसळतो. टाकीवर दूरून वाचता येणारा मॉनिटर बसवून मागा, बऱ्याच कंपन्या तो फुकट देतात. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. एकदा गॅस संपला की पुन्हा भरताना सगळ्या जोडण्यांची गळती-चाचणी करावीच लागते, तिचे पैसे वेगळे, आणि रिकाम्या घरात पाण्याचे पाइप गोठले तर ते प्रोपेनच्या कितीतरी पट महाग. ३० टक्क्यांना फोन करायची सवय ठेवा.

हीट पंपबद्दल, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब विजेवर आत ओढणाऱ्या यंत्राबद्दल, तुम्ही ओझरतं विचारलंय. एका गॅलनमध्ये ९१,५०० बीटीयू (उष्णतेचं माप) असतात. ९५ टक्के कार्यक्षम फर्नेसमधून जी ऊब मिळते ती साध्या विजेच्या हीटरने मिळवायला साडेपंचवीस युनिटं लागतात. वीज १८ सेंट असेल तर त्याचे ४.५९ डॉलर. हीट पंप तीच ऊब अडीचपट कमी विजेत देतो असं धरलं तर १.८४. म्हणजे ४.३९ ने प्रोपेन जाळण्यापेक्षा शरद आणि वसंतात तरी हीट पंप केव्हाही स्वस्त, आणि कडाक्याच्या दिवसांत प्रोपेन पाठीशी. पण लक्षात घ्या, वापर ७५० वरून ३०० वर आला की तुमचा गॅलनचा भाव वर जाईल आणि ते किमान वापराचं कलम जागं होईल. करार मोकळा केल्यावर पंप बसवा, आधी नको.

बार्बेक्यूच्या सिलिंडरने काम भागेल का, हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. दुकानाच्या पिंजऱ्यातून बदलून मिळणाऱ्या २० पौंडी सिलिंडरमध्ये साधारण १५ पौंडच गॅस असतो, साडेतीन गॅलनच्या आसपास. २२ डॉलर दिलेत तर गॅलनला सहा डॉलरच्या वर गेलात. २००८ पर्यंत त्यात १७ पौंड असायचे. दोन मोठ्या कंपन्यांनी ते १५ वर आणले आणि पुढे २०१४ मध्ये बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्यावर संगनमताचा ठपका ठेवला. सिलिंडर वजनाने भरून देणारं हार्डवेअरचं दुकान असेल तर तिथे जा.

तर आत्ता या आठवड्यात टाकीच्या मालकीचं पत्र मागा आणि जानेवारीच्या फरकासाठी फोन करा. कराराची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहा. बहुतेक करार न कळवल्यास आपोआप पुढे सरकतात आणि कळवायची तारीख मुदतीच्या महिना-दोन महिने आधी असते. मे-जूनमध्ये, टाकी २० टक्क्यांवर आली की, नव्या कंपनीला बोलवा. आणि पुढच्या हिवाळ्यात ट्रकची वाट आणि टाकीपर्यंतची पायवाट यांवरचा बर्फ काढून ठेवायला कोणाला तरी सांगून ठेवा. ड्रायव्हर पन्नास फूट बर्फातून पाइप ओढत नाही, परत जातो, आणि दुसऱ्या खेपेचा आकार लावायला तिथे माझ्यासारखं कोणीतरी बसलेलं असतं.